पुष्पांजलीनं काही घेतलं नव्हतं

आमच्या गावात कुणी शेतात आडवं पडलेलं दिसलं की लोक आधी नाडी बघत नाहीत, आजूबाजूला फवारणीचा डबा आहे का ते बघतात. डबा दिसला की पुढचं सगळं ठरलेलं. मिठाचं पाणी येतं, जीप येते, आणि माणूस मेहकरच्या दवाखान्यात पोचायच्या आत त्यानं औषध का घेतलं याची कारणं पारावर तयार असतात. माझ्या धाकट्या जावेच्या बाबतीत हेच झालं. मी छाया, तिची मोठी जाऊ. लिहिण्याचा मला सराव नाही. राग मात्र आहे आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते.

पुष्पांजली आमच्या घरात आली ती धामणगाव बढ्याहून, बारावी होऊन. तिच्या नावावरून पहिल्याच आठवड्यात कुरबूर झाली. आमच्या सासूबाई, गीताबाई, म्हणाल्या, "एवढं लांब नाव घेईस्तोवर दूध उतू जाईन व माय. मी पुष्पाच म्हणीन." नवी सून गप्प राहिली. पण पुष्पा म्हणून हाक आली की ती ओ द्यायची नाही. भांडण नाही, तोंड वाकडं नाही, फक्त ओ नाही. सासूबाईंनी काही दिवस जोर लावून पाहिला आणि एका सकाळी ओसरीवरून सबंध नावानं हाक मारली. मी चुलीपुढे पदर तोंडाला लावून हसले. ज्या बाईपुढे माझं इतकी वर्षं काही चाललं नव्हतं, तिला या पोरीनं नुसतं गप्प बसून हरवलं होतं.

तिचा नवरा ज्ञानेश्वर, माझा दीर. माणूस सोन्यासारखा, पण बोलण्याच्या बाबतीत कंजूष. दहा प्रश्न विचारा, एक उत्तर मिळेल, तेही अर्धं. त्यांची मुलगी मनाली तेव्हा तिसरीत होती. ती बापाच्या वाटचंही बोलायची.

आमचं शेडनेट आहे, म्हणजे शेतात हिरव्या जाळीनं झाकलेली जागा. त्यात कंपनीसाठी टमाट्याचं संकरित बी तयार होतं. बाहेरच्यांना वाटतं, टमाटा फोडला की बी निघालं. तसं नसतं. मादी झाडाची कळी उमलायच्या आत चिमट्यानं उघडायची, आतला नर काढून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचा पराग तिला लावायचा. हात जरा जड पडला की कळी गळाली. क्रॉसिंग म्हणतात याला. हे काम बायकाच करतात, कारण पुरुषांच्या हाताला ते जमत नाही, असं पुरुषच सांगतात. पुष्पांजलीचा हात पहिल्याच हंगामात बसला. बाकीच्या आम्ही गप्पा मारत काम करायचो, ती मात्र झाडापाशी वाकली की तिला चहाचीसुद्धा आठवण राहत नसे. नेटमध्ये वारा खेळत नाही. फवारणी झाली की औषधाचा वास लुगड्याला, केसांना, भाकरीच्या फडक्याला चिकटून राहतो. आम्हाला तो येतही नाही आता.

मागच्या वर्षी पोळा झाला आणि तिला ताप भरला. दोन दिवस गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी तिनं चहात मीठ घातलं आणि मनालीला "दादा, शाळेत नाई गेला का?" असं विचारलं. सासूबाई घाबरून "पुष्पा, अव पुष्पा" म्हणाल्या, तर तिनं चक्क ओ दिली. दुपारी तिला झटका आला. मेहकरहून आम्हाला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं डॉक्टर प्रसेनजित म्हणून मेंदूच्या विभागात होते. त्यांनी पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, डोक्याचा फोटो काढला आणि सांगितलं की विषाणू मेंदूत शिरला आहे. तापात ओठाच्या कडेला फोड उठतात ना, त्याच जातीचा. लाखो लोकांच्या अंगात तो निपचित पडून असतो, क्वचित कुणाच्या मेंदूत जातो आणि तिथं गेला की जीवावर उठतो. आमची पुष्पांजली त्या क्वचितांमध्ये निघाली. आठवडेच्या आठवडे सलाईनमधून इंजेक्शनं चालली. ती वाचली. नवरात्राच्या आधी घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिच्यावरून भाकर ओवाळून टाकली आणि साऱ्या आळीत साखर वाटली.

घरी आल्यावर ती थोडी विसरायची. डब्याचं झाकण कुठं ठेवलं, काल काय भाजी केली, असलं. पण माणसं ओळखायची, हसायची, नेटमध्ये येऊन बसायची. आम्ही म्हणालो, अशक्तपणा आहे, निघून जाईल.

महिना उलटला असेल. दिवाळी तोंडावर होती आणि तिची झोप उडाली. रात्रंदिवस टक्क डोळे. सासूबाईंकडे अशी बघायची की मलाच कसंतरी व्हायचं. ताटातली भाकर न खाता शेळीपुढे टाकायची. फोन घेऊन गोठ्याच्या मागं जायची आणि कुणी दिसलं की बंद करायची. तोंड सारखं हलायचं, काहीतरी चघळल्यासारखं. मी विचारलं, "काय चघळून राह्यली व?" तर म्हणाली, "काई नाई ताई." आणि खरंच तोंडात काही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "दुखण्यातून उठलेलं माणूस चिडचिड करतेच. बोलू नोका तिले कोणी." आम्ही बोललो नाही. ताप नव्हता ना अंगात, म्हणून कुणाला मागचं दुखणं आठवलं नाही.

त्या सकाळी भाऊजींनी नेटमध्ये फवारणी केली आणि पंप आणि औषधाचा डबा तिथंच ठेवून ते मोटर बंद करायला विहिरीकडे गेले. पुष्पांजली कधी आत गेली कुणी पाहिलं नाही. मनाली वेणी घालून घ्यायला आईला शोधत गेली आणि तिची किंकाळी मला अंगणात ऐकू आली. मी धावले. पुष्पांजली सरीत पडली होती. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. हातभर अंतरावर औषधाचा डबा, झाकण उघडं. माझ्या मागोमाग शेजारच्या नेटमधल्या बायका आल्या आणि त्यांच्यातली एक मनालीच्या डोक्यावरून ओरडली, "अव माय! औषध घेतलं व हिनं!"

एवढंच. पुढं कुणी काही तपासलं नाही. एकीनं तांब्याभर मिठाचं पाणी आणलं आणि दातखीळ बसलेल्या तोंडात ओतायला लागली. मागच्या झटक्याच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं की तोंडात काही घालू नका. मी तांब्या हिसकला. पाणी माझ्याच अंगावर सांडलं.

"काऊन व, वाचू द्यायची नाई का तिले?" ती बाई म्हणाली.

"झटका आलाय तिले. मांगं आलता तसाच."

"मंग डबा काऊन उघडा हाय?"

डबा उघडा होता. भाऊजी विहिरीवरून धावत आले, तेही आधी डब्याकडेच बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की यांनाही खरं वाटतंय.

मेहकरच्या दवाखान्यात तिच्या लुगड्याला वास येत होता. डॉक्टरांनी विचारलं, कुठं सापडली? फवारणीच्या डब्याजवळ. त्यांनीही जे कुणीही केलं असतं ते केलं. नाकातून नळी घालून पोट धुतलं, विष उतरवायची इंजेक्शनं सुरू केली आणि नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं. मी दोन वेळा सांगितलं की हिला पोळ्यात मेंदूचा ताप झाला होता. "ते बघू नंतर, आधी विष उतरू द्या," असं उत्तर आलं. त्या इंजेक्शनानं माणूस बरळतो, असंही त्यांनी सांगितलं होतं. त्यामुळे ती बरळायला लागली, नर्सला ढकलायला लागली, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मला वाटत होतं, पण मी कोण?

हवालदार आले आणि भाऊजींना बाहेर बोलावलं. घरात भांडण? नाई. मारहाण? नाई. मग का घेतलं? "मले काई मालूम नाई, साहेब." खरं बोलणारा माणूस असा खाली मान घालून बोलला की तो हमखास गुन्हेगार दिसतो. त्या वेळी मला दिराचा इतका राग आला की काय सांगू. जन्मभर जपून ठेवलेले शब्द आता तरी खर्च करायचे होते.

दुपारी धामणगावहून तिचा भाऊ अविनाश आला. सोबत जीपभर माणसं. तो एकुलता भाऊ, बहिणीपेक्षा मोठा, तिच्यावर जीव टाकणारा. आल्याआल्या त्यानं भाऊजींची कॉलर धरली.

"काय पाजलं माह्या बहिणीले? बोल!"

"दादा, आमी काई..."

"तिनं मले फोनवर सांगतलं हाय. भाकरीत औषध टाकून राह्यले म्हणे. तुही माय टाकते. सारं सांगतलं!"

सासूबाई तिथंच दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या होत्या. सुनेवरून भाकर ओवाळणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं. हवालदारानं ते लगेच टिपून घेतलं. आता प्रकरण पुष्पांजलीनं औषध घेतलं इथं थांबत नव्हतं, आम्ही तिला पाजलं इथवर आलं होतं. आणि आत खाटेवर ती तशीच होती. दोन दिवस झाले, विष उतरायची सगळी इंजेक्शनं झाली, तरी तिचं तोंड हलणं थांबेना. उलट वाढलं. डॉक्टर स्वतः म्हणाले, "विषबाधा असती तर एव्हाना फरक पडायला हवा होता. हे माझ्या हातातलं नाही." संभाजीनगरला न्या म्हणाले.

भाऊजींना ठाण्यातून हलायची परवानगी नव्हती. ॲम्बुलन्समध्ये अविनाश चढला. मी चढायला लागले तर त्यानं हात आडवा धरला. नर्स म्हणाली, एक बाईमाणूस लागेल. तेव्हा त्यानं हात काढला. सिंदखेडराजा गेलं, जालना गेलं, आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. पुष्पांजलीचे हात वर उठत होते, बोटं हवेत काहीतरी उघडत होती, चिमटीत धरत होती, सोडत होती. मला वाटलं ही क्रॉसिंग करते आहे. मला रडू कोसळलं. अविनाशनं तोंड खिडकीकडे केलं.

डॉक्टर प्रसेनजितांनी तिला बघितलं आणि मेहकरची चिठ्ठी वाचली. चिठ्ठीत विषबाधेचा संशय लिहिला होता. ते बराच वेळ तिच्या तोंडाकडेच बघत उभे राहिले. मग विचारलं, "हे चघळणं कधीपासून?"

मी म्हणाले, "पडायच्या आधीपासून."

अविनाश मध्येच उसळला. "काय आधीपासून? हे लोकं खोटं बोलून राह्यले, डॉक्टरसाहेब. माह्या बहिणीनं मले फोन केलता. भाकरीत औषध टाकतात म्हणे."

"कधी केला होता फोन?"

"झाले दहा-बारा दिवस."

"म्हणजे झटक्याच्या किती आधी?"

अविनाशनं मनात हिशेब केला. "आठवडाभर तरी आधी."

"आणखी काय म्हणाली? आठवेल तेवढं सांगा. एकही गोष्ट सोडू नका."

त्याला वाटलं असणार, आपलं ऐकून घेणारं कुणीतरी भेटलं. तो सांगत सुटला. सासू पदराखाली डबा लपवते म्हणे. नवरा रात्री उठून माझा श्वास मोजतो म्हणे. भिंतीतून बाया बोलतात म्हणे. आणि मग तो थांबला.

"सांगा," डॉक्टर म्हणाले.

अविनाशचा आवाज उतरला. "मनाली माही पोरगी नाई म्हणे. कोणी तरी बदलून ठेवली. तसंच तोंड, तसेच कपडे, पण माही नाई."

मी त्याच्याकडे पाहिलं. पोलिसांपुढे त्यानं भाकरीचं सांगितलं होतं. भिंतीचं आणि मनालीचं सांगितलं नव्हतं.

"हे तुमी ठाण्यात काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

"मले वाटलं, रागात बोलून राह्यली," तो म्हणाला. पण त्याचे डोळे जमिनीकडे होते.

डॉक्टरांनी आम्हाला बाकावर बसवलं. म्हणाले, "विषाणूच्या तापातून उठलेल्या काही जणांना महिना-दीड महिन्यानं असं होतं. दिसायला वेड लागल्यासारखं. कारण वेगळं असतं. घरात चोर शिरला समजा. झटापटीत त्यानं कपाटं फोडली, आतलं सामान बाहेर पडलं. पहारेकरी धावून आले, चोराला त्यांनी संपवलं. पण ते सामान त्यांनी आयुष्यात कधी पाहिलेलं नसतं. त्यांना तेही चोराचंच वाटतं, आणि ते फोडत सुटतात. यांच्या मेंदूत तसं चाललं असावं. विषाणू गेला, पण त्याच्याशी लढायला शरीरानं जे तयार केलं, त्याच्यातलं काही आता मेंदूलाच शत्रू समजतंय."

मला वाटलं, माणसाचं अंगही आमच्या गावासारखंच निघालं.

पण त्यांची खात्री नव्हती, आणि ते त्यांनी लपवलं नाही. तोच विषाणू पुन्हा उठला असेल, ही एक शक्यता. शरीरच उलटलं असेल, ही दुसरी. दुसरी असेल तर पहारेकऱ्यांचा जोर कमी करणारं औषध जोरात द्यायचं. पण विषाणू जिवंत असताना तेच दिलं तर त्याला रान मोकळं. पुन्हा मणक्यातून पाणी काढलं. विषाणूची इंजेक्शनंही सुरू ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिला रिपोर्ट आला, त्या पाण्यात विषाणू सापडला नाही. शरीर उलटल्याची तपासणी मात्र बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेली होती, तिला वेळ लागणार होता. आणि वेळ नव्हता. सकाळपासून पुष्पांजलीचा श्वास मध्येच थांबायला लागला होता. तिला आयसीयूत हलवलं.

"रिपोर्टची वाट बघितली तर उशीर होईल," डॉक्टर म्हणाले. "मला आज सुरू करायचंय. धोका आहे, म्हणून जवळच्या नातेवाइकाची सही लागेल. नवरा कुठं आहे?"

नवरा मेहकरच्या ठाण्यात होता, आणि अविनाशच्या तक्रारीनंच होता. मी फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मग डॉक्टरांनी कागद अविनाशपुढे धरला.

धामणगावच्या जीपमधले दोघे आमच्या मागोमाग तिथं आले होते. त्यातल्या एकानं त्याला बाजूला घेतलं, पण आवाज मुद्दाम मला ऐकू येईल एवढा ठेवला. "सही नोको करू बे अविनाश. सही केली म्हणजे विष नव्हतं हे तू कबूल केलं. केस खलास. हे लोकं सुटले ना मंग."

डॉक्टर म्हणाले, "या सहीचा पोलिसांशी काही संबंध नाही." पण ते बोलणं अविनाशपर्यंत पोचलं नाही. तो काचेतून बहिणीकडे बघत होता. आत तिला नळ्या लावलेल्या, हात खाटेला बांधलेले, आणि बांधलेल्या हाताची बोटं तरीही हलत होती. मला त्याच्या कानाखाली वाजवाविशी वाटत होती आणि त्याच वेळी त्याची दयाही येत होती. त्यानं सही केली असती आणि ती मेली असती, तर जन्मभर धामणगावात लोकांनी म्हटलं असतं की बहिणीला भावानंच मारलं. नसती केली तर तो निदान बरोबर ठरत होता. बरोबर ठरायची फार चटक असते माणसाला.

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. आमच्या घरच्या बाईनं व्याह्यांकडच्या पुरुषापुढे असं उभं राहायची पद्धत नाही. गेली पद्धत खड्ड्यात.

"अविनाशभाऊ, आमाले जेलात टाकायचं तं टाका. मी सोता चालत येतो ठाण्यात. सासूबाईलेही आणतो. तुमी म्हणसान ते लिहून देतो, अंगठा देतो. पण मनाली तिची पोरगी नाई असं जे ती बोलली, ते तुमी आयकलं. फक्त तुमीच आयकलं. औषध पेल्यावर माणूस असं बोलते का? आणि तेही पेयाच्या आठ दिवस आधी?"

तो पुन्हा काचेकडे वळला.

"तुमाले फोन आला तवाच तुमाले भेव वाटलं होतं. खरं सांगा."

"वाटलं होतं," तो म्हणाला. "आवाज तिचा नव्हता व ताई. मी माह्या बायकोले म्हटलं, हे आपली पुष्पांजली नाई बोलून राह्यली."

त्यानं कागद घेतला आणि सही केली. सोबतचे दोघे पाय आपटत बाहेर गेले. नंतर अविनाश जिन्यात जाऊन रडला. मी पाठीवर हात ठेवायला गेले नाही. माझ्यातही तेवढं मोठेपण नव्हतं.

औषध सुरू झालं. आणि तिची तब्येत आणखी बिघडली. श्वासाचं मशीन लावलं. त्या दिवसांत मी जेवले कधी आणि काय, मला सांगता येणार नाही. अविनाश दर थोड्या वेळानं मला विचारायचा, "आपण चुकलो तं नाई ना?" आणि मी दर वेळी "नाई" म्हणायचे. मला काय ठाऊक होतं? मी देवाला शिव्या देत होते आणि त्यालाच हात जोडत होते.

तो रिपोर्ट आला तेव्हा ती अजून मशीनवरच होती. डॉक्टर प्रसेनजित स्वतः बाहेर आले. मेंदूवर उलटलेलं ते द्रव्य तिच्या मणक्याच्या पाण्यात सापडलं होतं. मेहकरहून पाठवलेल्या रक्ताच्या तपासणीतही फवारणीच्या विषाचा अंश नव्हता. ती त्या दिवशी नेटमध्ये गेली, तिथं तिला झटका आला आणि ती पडली. डबा तिथं होता म्हणून होता. अविनाशनं दोन्ही कागद आमच्या हवालदाराला पाठवले आणि मग माझ्यादेखत भाऊजींना फोन लावला. एवढंच म्हणाला, "दाजी, या इकडं. तुमची वाट पाहून राह्यलो आमी."

पुष्पांजली परत आली, पण एकदम नाही. आधी डोळे उघडले. मग ओळख आली. शब्द फार उशिरा आले, एकेक करून. नेटमध्ये ती आता थोडा वेळ येते. हात पूर्वीसारखा चालत नाही, कळ्या गळतात, तेव्हा चिडते. चिडू दे. पोलिसांनी प्रकरण बंद केलं. गावानं केलं नाही.

बायका तिला बघायला यायच्या आणि जाताना तिच्या तोंडावरून हात फिरवून म्हणायच्या, "वाचली बिचारी. आता पुन्हा असं करू नोको बाई. पोरीकडं पाह्य." मी तिथं असले की मी सांगायचे, कागद दाखवायचे. त्या मान हलवायच्या, हाव हाव म्हणायच्या आणि अंगण ओलांडलं की एकमेकींकडे बघायच्या. घरच्यांनी झाकलं, असं ठरलं होतं. मी काही जणींशी बोलणं टाकलं. त्यानं काही फरक पडला नाही.

पुष्पांजलीला नवरात्रापासून पुढचं काहीही आठवत नाही. ना फोन, ना भाकर, ना तो दिवस. ती कधी विचारायचीही नाही. मला वाटलं, बरंच आहे. मग एका सकाळी मी तिच्या खोलीत धान्याचा डबा न्यायला गेले आणि दारातच थांबले. ती मनालीच्या केसांना तेल लावत होती आणि हळू आवाजात सांगत होती, "माय चुकली बेटा. माहं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुन्हा नाई करणार. तुह्या गळ्याची आण."

मी आत गेले. "काय चुकली व तू?"

"ते... औषध घेतलं मी."

"कोणं सांगतलं तुले? तू काई घेतलं नव्हतं!"

तिनं पुन्हा हातावर तेल घेतलं. "तुमी घरच्या, ताई. तुमी असंच म्हणसान. मले तं काईच याद नाई. मंग नाई कसं म्हणू? सारं गाव म्हणते. मनालीनं सोता डबा पाह्यला." मनाली मान खाली घालून बसली होती. बापाच्या वाटचंही बोलणारी पोर, तिनं कित्येक दिवसांत घरात धड तोंड उघडलं नव्हतं, हे मला त्या क्षणी लक्षात आलं. मी शपथा घातल्या, रिपोर्ट पुढे टाकले. पुष्पांजलीनं ते नीट घडी करून मला परत दिले.

पुढच्या तपासणीला संभाजीनगरला जायचं होतं. ती म्हणाली, मनालीलाही न्यायचं. शाळा बुडेल, म्हटलं. बुडू द्या, म्हणाली, आणि पुढं एक अक्षर बोलली नाही. तिचं ते गप्प बसणं मला ओळखीचं होतं. आम्ही तिघी गेलो.

डॉक्टरांनी तिला वार विचारला, गावाचं नाव विचारलं, उलटं मोजायला लावलं. सगळं बरोबर आलं. ते खूश झाले. चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा ती म्हणाली, "साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"मी औषध पेलं होतं का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही. रक्तात विष नव्हतं. तुमच्या मेंदूला सूज होती, आणि ती तुमच्या शरीरानंच आणली होती. तुम्ही काहीही प्यायला नव्हतात. तुम्ही आजारी होतात."

मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही. तिनं मागं हात केला, माझ्या पदराला धरून उभ्या असलेल्या मनालीला दंडाला धरून पुढं ओढलं आणि टेबलापाशी उभं केलं.

"मले नाई, साहेब," ती म्हणाली. "हिले सांगा."

डॉक्टर खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि मनालीच्या समोर खाली बसले.